पोथीतील परका चेहरा

ज्ञानपंचमीच्या सकाळी उपाश्रयात पाटांवर ग्रंथ मांडले जातात. त्यांवर वासक्षेप वाहिला जातो, पुढे दौत-लेखणी ठेवली जाते आणि लहान मुले आपल्या शाळेच्या वह्या व कंपासपेट्या घेऊन रांगेत उभी राहतात. दिगंबर घरांत हाच भाव ज्येष्ठ शुद्ध पंचमीला प्रकट होतो. आचार्य पुष्पदंत आणि आचार्य भूतबली यांच्या षट्खंडागमाची रचना पूर्ण झाली, त्या दिवसाची ती श्रुतपंचमी. पंथ कोणताही असो, वर्षातील एक दिवस केवळ ग्रंथासाठी राखून ठेवणारा समाज पुस्तकाविषयी उदासीन असू शकत नाही. जेसलमेर, पाटण, मूडबिद्री येथील ग्रंथभांडारे टिकली ती याच भावनेवर, आणि पोथ्या लिहवून घेण्याचा खर्च उचलण्यात व्यापारी गृहस्थ आघाडीवर होते.

त्याच परंपरेतील घराणी आज शाळांनाही पुस्तके देतात. ज्ञानद्रव्याच्या विनियोगाचे नियम वेगळे आणि कडक असल्यामुळे हे दान बहुधा व्यक्तिगत खर्चातून होते. आजोबांच्या पुण्यतिथीला किंवा पेढीच्या वर्धापनदिनी गावातील प्राथमिक शाळेत पन्नास-शंभर पुस्तकांचा गठ्ठा पोहोचतो. पहिल्या पानावर 'यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट' असा शिक्का असतो. गठ्ठ्यात काय असावे हे मात्र पुष्कळदा दुकानदार ठरवतो. थोर पुरुषांची चरित्रे, पंचतंत्र, इसापनीती, बिरबल, तेनालीराम, सामान्यज्ञानाची दोन पुस्तके. यांतले काहीही टाकाऊ नाही. पण पहिली-दुसरीतील मुलाला ती वाचता येत नाहीत, आणि आजचे, आपल्यासारखे, चप्पल हरवणारे आणि डबा सांडणारे मूल त्यांत कुठे भेटत नाही.

चित्रपुस्तक ही यापेक्षा निराळी वस्तू आहे. सोळा ते बत्तीस पाने, पानावर दोन-चार ओळी आणि पान भरून चित्र. त्यातील अर्धी गोष्ट शब्द सांगतात, उरलेली अर्धी चित्र सांगते. म्हणून अक्षरओळख नसलेले मूलही ते 'वाचते', आणि शिक्षकाच्या नजरेतून सुटलेली मांजर पानाच्या कोपऱ्यात शोधून काढते. या पुस्तकांत निरनिराळ्या प्रांतांची, जातींची, धर्मांची, शरीरांची आणि स्वयंपाकघरांची मुले असावीत, असा आग्रह जगभरातील प्राथमिक शिक्षक आणि ग्रंथपाल गेली काही दशके धरत आहेत. दान देणाऱ्या जैन घराला या आग्रहाशी कर्तव्य आहे. शाळेच्या फळीवर कोणते पुस्तक जाईल हे निदान काही प्रमाणात त्याच्या हाती असते.

खरी अडचणही तिथेच उभी राहते. एखाद्या जाणत्या शिक्षिकेने चित्रपुस्तकांची यादी करून पाठवली, तर ती घरात फिरते आणि एखाद्या नावापुढे पेन्सिलीची खूण पडते. त्या पुस्तकातील आई मासे शिजवीत असते, किंवा मुलगा कोंबडीची अंडी गोळा करीत असतो. 'पुस्तक चांगले असेल, पण आपल्या नावाने नको', असे कोणी वडीलधारे म्हणतात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही अंगांनी हिंसेपासून दूर राहण्याची शिकवण ज्यांनी आयुष्यभर पाळली, त्यांना अशा पुस्तकावर आपल्या वडिलांच्या नावाचा शिक्का मारताना हात अडखळला तर नवल नाही. याचे उत्तर बाहेरून आणण्यापूर्वी आपल्याच पोथ्या उघडून पाहणे बरे.

श्वेतांबर परंपरेत पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन होते आणि सचित्र प्रतीतील चित्रे श्रोत्यांना दाखविली जातात. ऐकता ऐकता चित्र पाहणे, ही आजच्या वर्गातील चित्रपुस्तक-वाचनाची पद्धत या समाजाला शतकानुशतके ठाऊक आहे. चौदाव्या ते सोळाव्या शतकांत गुजरात-राजस्थानात अशा कागदी पोथ्या मोठ्या संख्येने तयार झाल्या. लाल किंवा निळी पार्श्वभूमी, सोन्याचा वर्ख, टोकदार नाक आणि चेहऱ्याच्या कडेबाहेर आलेला दुसरा डोळा, ही या शैलीची ओळख. याच पोथ्यांना पुष्कळदा कालकाचार्य कथा जोडलेली असते. उज्जैनच्या गर्दभिल्ल राजाने कालकाचार्यांची साध्वी बहीण सरस्वती हिचे अपहरण केले, तेव्हा आचार्य शकांच्या मुलखात गेले आणि तेथील 'शाही' राजांना मदतीला घेऊन आले, अशी ती कथा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही या कथेची एक प्रसिद्ध सचित्र प्रत आहे.

या कथेत शाही राजा काढताना चित्रकाराने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. आपल्या लोकांसाठी वापरलेला साचा त्याने परक्यासाठी वापरला नाही. शाहीचा चेहरा गोलसर, डोळे तिरपे, अंगरखा व टोपी मध्य आशियाई वळणाची. नेहमीचा तो बाहेर आलेला डोळाही तिथे दिसत नाही. इराणी चित्रांचे नमुने या चित्रकारांच्या पाहण्यात होते, असे कलेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे जैन श्रेष्ठीने पैसे दिलेल्या, जैन साधूंनी वाचावयाच्या पोथीत परका माणूस आला, तोही त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याने आणि पोशाखाने, सोन्याचा तोच वर्ख लावून. कोणी त्याला पोथीतून वगळले नाही.

दुसरे चित्र नेमिनाथांचे. वरात निघाली आहे, मंडपाजवळ मेजवानीसाठी कोंडलेली हरणे आणि इतर प्राणी आहेत, आणि त्यांचा आक्रोश ऐकून नेमिकुमार रथ फिरवतात. पोथीकारांनी तो कोंडवाडा काढला आहे. तो काढला नसता तर रथ का फिरला, हे पाहणाऱ्याला कळलेच नसते. हिंसेचे दर्शन घडविणे म्हणजे हिंसेला अनुमोदन देणे, असे या परंपरेने कधी मानले नाही. अनुमोदना मनाच्या कलात असते. शालेय पुस्तकातील प्रत्येक मासळीची टोपली नेमिनाथांच्या कोंडवाड्याच्या तोलाची असते असा याचा अर्थ नव्हे. पण चित्र दिसले म्हणून दोष लागला, हा हिशेब आपल्याच पोथ्यांना मान्य नाही, एवढे यावरून नक्की दिसते.

पुस्तकांतील मुलांच्या चेहऱ्यांचा प्रश्न आजच्या रूपात प्रथम ठळकपणे मांडला गेला तो अमेरिकेत, आणि तोही मोजदादीने. व्यापाऱ्याला पटेल अशी ती पद्धत. नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1965 साली हजारो बालपुस्तके तपासून दाखवून दिले की, त्यांतील मुले जवळजवळ सारी गोरी आहेत. काळ्या मुलांच्या शाळांतही तीच पुस्तके जात होती. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्राने 1985 साली गणती केली. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या सुमारे 2,500 बालपुस्तकांपैकी काळ्या लेखक-चित्रकारांची पुस्तके निघाली केवळ 18. हा आकडा पाहिल्यावर फार युक्तिवाद करण्याची गरज उरली नाही.

या दोन तारखांच्या आधीचे एक पुस्तक मात्र वेगळे आहे. एझ्रा जॅक कीट्स यांचे 'द स्नोई डे' 1962 साली आले. पीटर नावाचा एक छोटा काळा मुलगा लाल झगा घालून बर्फात खेळतो, बर्फाचा गोळा खिशात ठेवून घरी आणतो, आणि तो वितळून जातो. एवढीच गोष्ट. तो काळा आहे असे पुस्तकात शब्दांनी कुठेही सांगितलेले नाही. तो फक्त आहे. कीट्स स्वतः पोलंडमधून आलेल्या ज्यू कुटुंबात वाढले, आणि ज्यूंविषयीच्या द्वेषामुळे त्यांना आपले आडनावही बदलावे लागले होते. एका लहान मुलाची छायाचित्रे मासिकातून कापून त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ जपून ठेवली होती. त्यांतूनच पीटर जन्मला. 1963 साली या पुस्तकाला कॅल्डेकॉट पदक मिळाले. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने 2020 साली आपल्या सव्वाशे वर्षांची यादी काढली, तेव्हा सर्वांत जास्त वेळा घरी नेले गेलेले पुस्तक हेच ठरले. 4 लाख 85 हजारांहून अधिक वेळा. एका अल्पसंख्य समाजातील माणसाने दुसऱ्या अल्पसंख्य समाजाचे मूल काढले, आणि ते साऱ्या शहराचे झाले.

रुडीन सिम्स बिशप या ओहायोतील प्राध्यापिकेने 1990 साली या प्रश्नाला एक साधे रूपक दिले. मुलाच्या पुस्तकांत आरसे हवेत आणि खिडक्याही हव्यात. काही खिडक्या तर सरकत्या दारासारख्या असाव्यात, पाऊल टाकून पलीकडे जाता येण्याजोग्या. पुढे हे रूपक जगभर फिरले. पण त्यातील एक भाग बहुधा विसरला जातो. ज्या मुलाला आरसाच मिळत नाही त्याचे नुकसान उघड आहे. ज्याला फक्त आरसेच मिळतात त्याचेही नुकसान होते, कारण जग आपल्याभोवती फिरते असे त्याला वाटू लागते. संपन्न घरांनी हे दुसरे वाक्य जरा सावकाश वाचावे.

आता आपल्या पेठांकडे यावे. सांगली, जयसिंगपूर, बार्शी, लातूर अशा गावांत एके काळी अडत दुकानदाराचा मुलगा आणि त्याच दुकानातील हमालाचा मुलगा नगरपालिकेच्या एकाच शाळेत, कधी एकाच बाकावर बसत. पुढे आयुष्य वेगळे झाले तरी एकमेकांच्या घरात काय शिजते, कोणत्या सणाला कोण काय करते, हे दोघांनाही माहीत असे. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले तेव्हा सर्व जातींची मुले एकत्र राहावीत, एकत्र जेवावीत, यावर त्यांचा कटाक्ष होता. आज व्यापारी घरांतील बहुतेक मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. हमालाचा, ऊसतोडणी कामगाराचा, इचलकरंजीच्या यंत्रमागावर उत्तर प्रदेश-बिहारातून आलेल्या कारागिराचा मुलगा दुसऱ्याच शाळेत असतो. बाक तुटला. त्यामुळे पूर्वी जी ओळख आपोआप होई ती आता पुस्तकातूनच होण्याचा संभव आहे, किंवा मग ती होणारच नाही.

गंमत अशी की, इंग्रजी शाळेच्या ग्रंथालयातील आयात चित्रपुस्तकांना कोणी पेन्सिलीची खूण करीत नाही. डॉ. सूस यांच्या 1960 सालच्या एका गाजलेल्या पुस्तकाच्या नावातच हिरवी अंडी आणि डुकराचे मांस आहे. एरिक कार्ल यांचा तो भुकेला सुरवंट शनिवारी केकबरोबर सलामी आणि सॉसेजही फस्त करतो. जैन घरांतील मुलेही ही पुस्तके वाचतात, कौतुकाने म्हणून दाखवतात, आणि पालकांना त्यात काही वावगे वाटत नाही, कारण ते मांस दूरचे, इंग्रजीतले आहे. शेजारच्या कोळीवाड्यातील बोंबील मात्र खटकतो. म्हणजे खटकणारी गोष्ट मांस आहे की शेजार, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्याशीच विचारून पाहावा.

भारतीय चित्रपुस्तकांत निवडीला आज बरीच जागा आहे. मराठीत माधुरी पुरंदरे यांचे काम सर्वांत आधी नजरेत भरते. 'राधाचं घर' किंवा 'यश' यांतील माणसे एखाद्या मराठी घरातून उचलून आणल्यासारखी वाटतात, चित्रेही त्यांचीच. त्यांना 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या 'चित्रवाचन' या पुस्तकाच्या साहाय्याने पहिलीचा शिक्षक अक्षराचा आधार न घेता तासभर बोलते वर्ग चालवू शकतो. चेन्नईची तारा बुक्स ही संस्था गोंड, वारली, पटचित्र अशा परंपरांतील चित्रकारांनाच पुस्तकाचे कर्ते म्हणून पुढे आणते. झाडांच्या रात्रीच्या रूपावरील त्यांच्या गोंड पुस्तकाला 2008 साली इटलीतील बोलोन्या येथे गौरविण्यात आले, आणि आपल्या वारली चित्रकारांनी केलेल्या 'डू!' या पुस्तकात निरनिराळ्या क्रिया नुसत्या पांढऱ्या आकृत्यांतून उलगडतात. बंगळुरूच्या प्रथम बुक्सने 2015 साली 'स्टोरीवीव्हर' हे खुले दालन सुरू केले. त्यातील गोष्टी विनामूल्य वाचता, छापता आणि आपल्या भाषेत आणता येतात. भाषांची संख्या तीनशेच्या वर गेली आहे. वर्गात भोजपुरी किंवा कन्नड बोलणारे मूल असेल तर शिक्षकाला त्याच्या भाषेतील चार पाने शोधण्याची सोय आहे.

याच प्रथम बुक्सने काढलेली चुस्कितची गोष्ट सुजाता पद्मनाभन यांची. चुस्कित लडाखमधील मुलगी, चाकांच्या खुर्चीवर असलेली. शाळा दूर नाही, पण वाट दगडाधोंड्यांची आणि मध्ये ओढा. अब्दुल नावाचा मुलगा तिच्याशी बोलतो, मुख्याध्यापकांकडे जातो, आणि शेवटी शाळेची मुले व शिक्षक मिळून वाट सपाट करतात. चौथीच्या परिसर अभ्यासात 'आपल्या गावातील सोयी' असा विषय निघाला की ही गोष्ट वाचून मुलांना शाळेच्या दारापर्यंत चालत न्यावे आणि पायऱ्या मोजायला सांगावे. किती शाळांत उतरण आहे, हे मुलेच सांगतील.

आणि ज्या पुस्तकापुढे पेन्सिलीची खूण हमखास पडेल असे एक पुस्तक येथे नावानिशी घ्यायला हवे. महाश्वेता देवी यांनी लिहिलेले 'द व्हाय-व्हाय गर्ल' चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने 2003 साली काढले. मोयना ही शबर जमातीची मुलगी. पुस्तक उघडते तेव्हा ती एका नागामागे धावत असते. लेखिका तिला अडवते, तर ती विचारते, का नको पकडू? साप तर आम्ही खातो. पुढे तिचे प्रश्न थांबत नाहीत. पाणी आणायला इतके लांब मीच का जायचे? दुसऱ्याच्या बकऱ्या मीच का राखायच्या? मालकाच्या घरचे उरलेले अन्न आम्ही का खायचे? शाळेची वेळ सकाळची का, तेव्हा तर मी बकऱ्यांमागे असते? ती शाळेत शिरते, वेळ बदला म्हणून हट्ट धरते, आणि पुढे गावातील प्राथमिक शाळेत दाखल झालेली पहिली मुलगी ठरते; मोठी झाल्यावर ती स्वतः शिकवू लागते.

हे पुस्तक जैन दात्याने शाळेला द्यावे का? द्यावे. मोयनाच्या घरी साप शिजतो तो जिभेच्या चोचल्यासाठी नव्हे. ज्यांच्याकडे जमीन नाही, धान्य नाही, त्यांच्या भुकेची ती गोष्ट आहे. पहिल्या पानावरील साप काढून टाकला तर शेवटच्या पानावरील शिक्षिका कुठून आली हे कळत नाही, जसा कोंडवाडा काढून टाकला तर रथ का फिरला ते कळत नाही. आणि 'उरलेले अन्न आम्ही का खायचे' हा प्रश्न सापापेक्षा अधिक टोचणारा आहे. तो टाळण्यासाठी सापाचे निमित्त होऊ नये. घरच्या कपाटात कोणते पुस्तक ठेवावे, हा प्रत्येक घराचा अधिकार आहे, त्यात कोणी पडू नये. शाळेचे कपाट मात्र ज्यांच्या घरी मासे शिजतात त्यांचेही आहे.

वर्गात असे पुस्तक वाचताना काय घडते, ते शिक्षकांना नवे नाही. मासळीचे चित्र आले की एखादे मूल नाक मुरडून 'छी' म्हणते. ते मूल वाईट नसते. ऐकलेला उद्गार ते शाळेत आणते. पण दोन ओळी सोडून ज्याच्या डब्यात काल तेच होते तो मुलगा मान खाली घालतो, आणि उद्यापासून डबा झाकून खातो. दुसऱ्या दिवशी फासा उलटतो. 'कांदा नाही, बटाटा नाही, संध्याकाळनंतर पाणीसुद्धा नाही, मग तू खातोस तरी काय?' असे म्हणत चारजण जैन मुलाला घेरतात. घाव दोन्हीकडचा सारखाच. पाच समितींमध्ये भाषासमिती आहे, दुसऱ्याच्या मनाला इजा होईल असे न बोलण्याची जपणूक. ती मुनींची आचारसंहिता खरी, पण सात वर्षांच्या मुलाला तिची पहिली ओळख या 'छी'पाशी करून देता येते.

जाणकार शिक्षिका अशा वेळी रागावत नाही आणि शाकाहार की मांसाहार असा वादही लावत नाही. ती पुस्तक मिटत नाही. चित्राकडे बोट दाखवून ती विचारते, या स्वयंपाकघरात आणखी काय काय दिसते? चूल, माठ, झोपलेले मांजर, भिंतीवरचे कॅलेंडर. मग ती सांगते, प्रत्येकाने आपल्या घरची चूल काढा आणि तिथे काय कधीच येत नाही तेही सांगा. आता जैन मुलाला काही सांगता येते. आजी पाणी गाळून घेते, सूर्य मावळण्याआधी ताटे मांडली जातात, चातुर्मासात हिरवी भाजी येत नाही, आणि हे असे का, हे त्याच्या तोंडून वर्गाला कळते. चिडवले जाणारे मूल सांगणारे होते. वारकरी घरची मुलगी एकादशीचे सांगते, कुणी रोजाचे सांगते, आणि कोळ्याचा मुलगा पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर का असतात ते सांगतो. या गोष्टी पाठ्यपुस्तकाच्या एका धड्यात मावत नाहीत.

वाचण्याच्या रीतीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण चांगले पुस्तक चुकीच्या वाचनाने फुकट जाते. पुस्तक शिक्षकाने आधी घरी वाचलेले असावे. वर्गात मुलांना जवळ, जमिनीवर बसवून पान त्यांच्याकडे धरावे. पहिल्यांदा गोष्ट न थांबता वाचावी, दुसऱ्यांदा चित्रांवर थांबावे. आणि शेवटी 'या गोष्टीचे तात्पर्य काय?' असे विचारू नये. ही सवय इसापनीतीने लावली आहे आणि ती सुटता सुटत नाही. तात्पर्याचा प्रश्न आला की मुले शिक्षकाला हवे ते उत्तर देतात, आणि मोयनाने पेटवलेला प्रश्न तिथेच विझतो.

निवडतानाही एक फसगत होते. विविधतेच्या नावाखाली आदिवासी फक्त नाचताना, शेतकरी फक्त बैलांपाशी आणि मुसलमान फक्त ईदला दाखवायचा, ही पुस्तके खिडकी उघडत नाहीत; त्या प्रदर्शनातील काचपेट्या आहेत. पीटरचे पुस्तक चांगले ठरते ते यासाठी की, त्यात बर्फ महत्त्वाचा आहे. ज्या पुस्तकातील मूल खेळते, हट्ट करते, चुकते, ते कोणत्याही जातीचे असो, वाचणाऱ्याचे मित्र होते.

हीच कसोटी स्वतःला लावली तर जैन समाजासमोर एक उणीव उभी राहते. पाठशाळेसाठी तीर्थंकरांच्या, सतींच्या, दानशूरांच्या सचित्र कथा विपुल आहेत. पण त्या आपल्याच मुलांसाठी, आपल्याच परिभाषेत आहेत. शाळेच्या फळीवर ठेवता येईल, मराठा किंवा मुसलमान मुलाने सहज उचलावे आणि हसत वाचावे, असे आजच्या जैन घरातील मुलाचे चित्रपुस्तक सहज सापडत नाही. आजीच्या सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत बोलायचे नाही म्हणून तळमळणारी नात; विहारात गावातून जाणाऱ्या अनवाणी साध्वींच्या मागे फर्लांगभर चालत गेलेला, जैन नसलेला मुलगा; सहलीत बसमध्ये सूर्य मावळायच्या आत डबा संपवण्याची धांदल. विषय जागोजाग पडलेले आहेत. शेजाऱ्यांना आपली ओळख नाही अशी तक्रार करणाऱ्या समाजाने आपली खिडकी स्वतः उघडली पाहिजे. पूर्वीच्या श्रेष्ठींनी लेखक आणि चित्रकार यांना बसवून पोथी तयार करवून घेतली. आज एका चित्रपुस्तकासाठी एखाद्या लग्नातील सजावटीपेक्षा फार अधिक खर्च येऊ नये.

शेवटी कपाटाचा प्रश्न. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय असणे आवश्यक केले आहे, पण दिलेली पुस्तके पुष्कळदा कुलपात राहतात. कारण साधे आहे. पुस्तक डेडस्टॉक रजिस्टरला चढते आणि फाटले तर जाब शिक्षकाला द्यावा लागतो. दात्याने एक ओळ लिहून द्यावी की, ही पुस्तके वापरून फाटावीत यासाठीच दिली आहेत, आणि फाटलेल्यांच्या जागी पुढील वर्षी नवी देऊ. व्यापारी भाषेत याला घसारा म्हणतात. तो आधीच धरून चालावे. पुस्तकांबरोबर खिळे आणि दोरीही द्यावी. मुलांच्या छातीच्या उंचीवर दोरी बांधून पुस्तके मुखपृष्ठ समोर येईल अशी अडकवली की कपाटाची गरज उरत नाही. शंभर पुस्तके एकेक देण्यापेक्षा चाळीस पुस्तके निवडून त्यांतील काहींच्या चार-चार प्रती द्याव्यात, म्हणजे गटाने वाचता येते. यादी शिक्षिकेने करावी, घरातील एका आजीने आणि एका नातवाने ती पुस्तके वाचून पाहावीत.

श्रुतपंचमी साधारण मेअखेरीस किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येते आणि राज्यातील बऱ्याच शाळाही त्याच सुमारास उघडतात. पुस्तके त्या दिवशी पाटावर मांडून दुसऱ्या आठवड्यात शाळेत पोहोचवायची असतील तर यादी अक्षय्य तृतीयेपर्यंत हाती असावी लागते, कारण मुंबई, पुणे किंवा चेन्नईहून मागवलेली पार्सले सुटीच्या दिवसांत यायला वेळ लावतात. यादीवर कोणी पेन्सिलीची खूण केलीच, तर ते पुस्तक आधी उघडावे, शेवटच्या पानापर्यंत वाचावे, आणि मग खोडरबर शोधावे.